एका अख्ख्या अल्बमला बक्षीस पाहिजे

कॅनडात पोलारिस म्युझिक प्राइझ नावाचं एक बक्षीस आहे, दरवर्षी एकाच अल्बमला देतात. कॅटेगऱ्या नाहीतच. बेस्ट गायक नाही, बेस्ट गायिका नाही, नवोदित नाही, जीवनगौरव नाही, वर्षभरात त्या देशातल्या कलाकारांचे जेवढे अल्बम निघाले त्यातला सगळ्यात चांगला कुठला एवढा एकच प्रश्न आणि त्याचं एकच उत्तर. मला गेली काही वर्षं या बक्षिसाचा नादच लागलाय. जूनमध्ये त्यांची लाँगलिस्ट येते तेव्हा इथे भांडुपला पाऊस सुरू झालेला असतो, ट्रेन लेट असतात, आणि माझ्या कानात कुठल्यातरी अशा गावच्या माणसाचं गाणं चालू असतं ज्या गावाचं नावही मी आधी ऐकलेलं नसतं. मराठीत, आपल्याकडे, असं एक बक्षीस पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं आणि ते का वाटतं हे आज सविस्तर लिहायचं ठरवलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी नियम सांगते. हे बक्षीस २००६ ला सुरू झालं, स्टीव्ह जॉर्डन म्हणून एक जण आहेत, आधी म्युझिक कंपनीतच काम केलेले, त्यांनी सुरू केलं, ब्रिटनच्या मर्क्युरी प्राइझच्या धर्तीवर. पहिल्यापासून ठरलेलं की गाण्याचा प्रकार कुठला, खप किती झाला आणि अल्बम कुठल्या कंपनीने काढला हे बघायचंच नाही, कलाकृती म्हणून कसा आहे तेवढंच बघायचं. ज्युरीत दोनशेच्या आसपास माणसं, पेपरात लिहिणारी, रेडिओवरची, ब्लॉग चालवणारी, आणि ज्याचा एखाद्या कलाकाराशी पैशाचा संबंध आहे त्याला घेत नाहीत. हे सगळे आपापले पाच अल्बम क्रमाने लिहून देतात, पहिल्या नंबरला जास्त पॉइंट, पाचव्याला कमी, त्यातून चाळीस अल्बमची लाँगलिस्ट होते, मग परत मतदान आणि त्यातून दहाची शॉर्टलिस्ट. इथपर्यंत ठीक आहे, असं बऱ्याच ठिकाणी होत असेल. पण पुढचं बघा. त्या दोनशेंमधून अकरा जण निवडतात, त्यांना ग्रँड ज्युरी म्हणतात, आणि सोहळ्याच्या रात्री बाहेर स्टेजवर शॉर्टलिस्टमधले लोक गात असतात तेव्हा हे अकरा जण आत एका खोलीत बसून वाद घालत असतात. निकाल त्याच रात्री, तिथेच ठरतो.

मला त्या खोलीबद्दल फार कुतूहल आहे. म्हणजे विचार करा, अकरा माणसं, ज्यांनी दहाच्या दहा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकलेत, एकदा नाही, परत परत ऐकलेत, कारण न ऐकता तिथे बोलायला गेलं तर पाच मिनिटांत उघडं पडायला होईल, आणि त्यातला एक जण रॅप ऐकत मोठा झालेला, दुसरी लोकसंगीतातली, तिसऱ्याचं आयुष्य रॉक बँडच्या मागे गेलेलं, आणि या सगळ्यांना मिळून एका नावावर यायचंय. आपण घरात दोन माणसं एका गाण्यावर एकमत करू शकत नाही. मला वाटतं बक्षिसाच्या पैशापेक्षा (सुरुवातीला २०,००० डॉलर होते, पुढे ५०,००० पर्यंत गेले) त्या खोलीत आपल्या अल्बमवर कुणीतरी तावातावाने बोललं, कुणीतरी सातव्या गाण्यावरून आठव्यावर जाताना काय होतं ते टेबलावर हात आपटून सांगितलं, हेच खरं बक्षीस. कलाकाराला दुसरं काय पाहिजे असतं?

आणि असं केल्यावर निकालही तसेच वेगळे लागतात. पहिल्याच वर्षी जिंकला ओवेन पॅलेट, फायनल फँटसी या नावाने गाणारा एक व्हायोलिनवाला. २०१० ला कार्क्वा हा फ्रेंचमध्ये गाणारा बँड, २०१७ ला लिडो पिमिएन्ता, मूळची कोलंबियाची, तिचा 'ला पापेसा' हा स्पॅनिश अल्बम, म्हणजे देशाच्या दोन्ही सरकारी भाषा सोडून तिसऱ्याच भाषेतला. पण मला सांगायचंय ते २०१४ बद्दल. त्या वर्षी शॉर्टलिस्टमध्ये ड्रेक होता, आर्केड फायर होते, जगभर स्टेडियम भरवणारे लोक, आणि बक्षीस मिळालं तान्या तगाकला, 'ॲनिमिझम' या अल्बमसाठी.

तान्या तगाक कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या नुनावुतमधल्या केंब्रिज बे या गावची, म्हणजे आर्क्टिक सर्कलच्याही वर, इन्युइट या मूळनिवासी समाजाची. त्यांच्या बायकांचा एक गाण्याचा प्रकार आहे, दोघी जणी समोरासमोर उभ्या राहतात, अगदी जवळ, एकमेकींचे दंड धरून, आणि गळ्यातून, छातीतून, श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना दोन्ही वेळा आवाज काढतात, एकीच्या आवाजात जी फट राहते त्यात दुसरी आपला आवाज बसवते, आणि जी आधी हसेल किंवा दमेल ती हरली. तगाक शिकायला घरापासून खूप लांब होती तेव्हा तिच्या आईने तिला या गाण्याच्या कॅसेट पाठवल्या, आणि तिच्या समोर उभं राहायला दुसरी कुणी नव्हती म्हणून ती एकटीच दोघींचं गायला शिकली. 'ॲनिमिझम' ऐकताना पहिल्यांदा भीतीच वाटते. ते गाणं आहे का श्वास आहे का जनावर आहे कळत नाही. दुसऱ्यांदा ऐकलं की कळायला लागतं की ही बाई एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचतेय, मधलं एक गाणं काढून घेतलं तर पूल मोडेल.

माझी आत्या भोर तालुक्यातली, दिवाळी झाली की आमच्याकडे राहायला येते. एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि मी स्पीकरवर हाच अल्बम लावलेला. मला वाटलेलं ती बंद कर म्हणेल. ती म्हणाली, "कोण गं ही बाई?"

म्हटलं, "आत्या, लांब तिकडे बर्फात राहतात ना, तिथली आहे. त्यांच्यात दोघी समोरासमोर उभ्या राहून गातात, ही एकटीच गातीये."

ती ऐकत राहिली. मेथीची जुडी तशीच मांडीवर. मग म्हणाली, "दम कसा घेतीये बघ. दळताना असाच घ्यावा लागतो."

आणि मग तिने दाखवलंच. खाली फरशीवर बसली, एक पाय लांब केला, एक दुमडला, मला समोर बसवलं, माझा हात धरून मधे हवेत खुंटा असल्यासारखा पकडला आणि म्हणाली, तू ओढ, मी ढकलते. असं गोल गोल. पहिली ओळ एकीने म्हणायची, ती संपता संपता दुसरीने उचलायची, दाणे घालायला एक हात सुटतो तेवढ्यात श्वास घ्यायचा, जातं थांबू द्यायचं नाही. "पहिली माझी ओवी" असं म्हणून तिने सुरुवात केली आणि त्यात माझ्या वडिलांचं नाव घातलं, म्हणजे तिच्या भावाचं, ते जाऊन बरीच वर्षं झाली. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण म्हणतो ते मी तिथे फरशीवर बसून बघितलं, जातं नसताना. स्पीकरवर तगाक चालूच होती. मी बंद केलं नाही.

आता मला सांगा, कॅनडातल्या कुठल्यातरी ज्युरीने २०१४ ला ड्रेकला बाजूला ठेवून त्या बाईला बक्षीस दिलं नसतं तर तो अल्बम भांडुपच्या किचनपर्यंत आला असता का? माझ्यापर्यंत तरी आला नसता. ॲपने मला तो कधीच सुचवला नसता, ॲप मी आधी जे ऐकलंय तसंच अजून देतं. माणसांनी भांडून ठरवलेली यादीच मला तिथे घेऊन गेली.

जेरेमी डचरची गोष्ट तर याहून पुढची. हा न्यू ब्रन्सविकचा, वोलास्तोके या मूळनिवासी समाजातला, शिक्षण ऑपेराच्या गाण्याचं. त्याची भाषा बोलणारे उरलेत शंभराच्या आसपास लोक. समाजातल्या मॅगी पॉल या वयस्कर गाणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं की आपल्या जुन्या लोकांची गाणी संग्रहालयात आहेत, तिथे जाऊन ऐक. तिथे मेणाच्या सिलिंडरवरची रेकॉर्डिंग होती, १९०७ च्या सुमारास विल्यम मेक्लिंग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने सुरू केलेली. डचर तिथे बसून ती ऐकत राहिला, एकेक सूर उतरवून घेतला, आणि त्या शंभर वर्षांपूर्वीच्या आवाजांच्या सोबत पियानो आणि स्वतःचा आवाज घालून त्याने 'वोलास्तोकियिक लिंतुवाकोनावा' हा अल्बम केला. ऐकताना मधेच मागून खरखरत तो जुना माणूस गायला लागतो, मग डचर त्याचीच ओळ उचलतो आणि वर नेतो. २०१८ चं पोलारिस त्याला मिळालं. नंतर २०२४ ला 'मोतेवोलोनुवोक'साठी परत मिळालं, दोनदा जिंकणारा तो पहिलाच. शंभर माणसांच्या भाषेतला अल्बम देशातला सगळ्यात चांगला अल्बम ठरला, आणि तोही लोकसंगीत विभाग, आदिवासी विभाग असा कोपरा न देता, सगळ्यांच्या बरोबर एका टेबलावर ठेवून.

आपल्याकडे काय कमी आहे? हेमा राईरकर आणि गी प्वात्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर ओव्या, हजाराच्या वर गावं, मुळशी-मावळापासून सगळीकडच्या बायका, नव्वदच्या दशकात त्यातल्या कितीतरी बर्नार्ड बेल यांच्या मदतीने रेकॉर्डही झाल्या, आणि पी. साईनाथ यांच्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर २०१७ पासून त्या येतायत, आवाजासकट, गाणाऱ्या बाईच्या नावासकट, फोटोसकट. आत्याला मी त्यातल्या काही लावून दाखवल्या तर ती मधेच थांबवून "आमच्याकडे ही ओळ वेगळी होती" असं सांगत होती. हे सगळं इंटरनेटवर आहे, फुकट आहे. उद्या कुणी विशी-पंचविशीतली मराठी मुलगी या रेकॉर्डिंगवर डचरसारखी वर्ष-दोन वर्षं बसली, त्या बायकांची परवानगी घेऊन, त्यांचं नाव लावून, आणि तिने एक अख्खा अल्बम केला, तर तिला आपण नेमकं काय देणार? कुठल्या यादीत घालणार? लोकगीत म्हणून एखाद्या महोत्सवात दुपारी तीनचा स्लॉट देऊ आणि शाल देऊ. माझा जीव तुटतो तो इथे.

मर्क्युरीचंही थोडं सांगते, कारण त्यात आपली मुंबई आहे. ते १९९२ पासूनचं, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अल्बमसाठी, बारा अल्बमची शॉर्टलिस्ट आणि एक विजेता. १९९९ ला ते टालविन सिंग या तबलावादकाला मिळालं, 'ओके' या अल्बमसाठी, तबला आणि इलेक्ट्रॉनिक बीट्स. हाच टालविन सिंग त्याच्या काही वर्षं आधी ब्यॉर्क या आइसलंडच्या गायिकेच्या १९९३ च्या 'डेब्यू' अल्बमवर होता, आणि त्यातल्या 'व्हीनस ॲज अ बॉय'मधली व्हायोलिनं वाजवलीत ती मुंबईतल्या, सिनेमाच्या गाण्यांना वाजवणाऱ्या वादकांनी. त्यातले कुणी रेकॉर्डिंग उरकून माहीमला किंवा बांद्र्याला घरी गेले असतील आणि आपण कशावर वाजवलंय ते त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलंही नसेल. १९९८ च्या शॉर्टलिस्टमध्ये कॉर्नरशॉप या बँडचा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' होता, ज्यात 'ब्रिमफुल ऑफ आशा' आहे, आपल्या आशाताईंवरचं गाणं, त्याचं नॉर्मन कुकने केलेलं रिमिक्स तिकडे एक नंबरला गेलेलं. त्याच वर्षी एशियन डब फाउंडेशनही यादीत, २००० ला नितीन सोहनी, २००१ ला सुशीला रामन. म्हणजे आपल्या पेटी-तबल्याचं, आपल्या गायिकेचं नाव तिकडच्या देशाच्या सगळ्यात मोठ्या अल्बम यादीत चार वर्षं लागोपाठ वाजत होतं आणि इथे फारशी कुणाला खबर नव्हती.

आपल्याकडे पुरस्कारांची काही कमी नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारात संगीतकार आहे, गायक-गायिका आहेत, गीतकार आहे, पण ते सगळं सिनेमाच्या गाण्यांसाठी. संगीत नाटक अकादमी देते ती माणसाला, त्याच्या इतक्या वर्षांच्या कामाला, आणि ते दिलंच पाहिजे. म्युझिक चॅनेलवाल्यांच्या सोहळ्यात अल्बम ऑफ द इयर अशी कॅटेगरी असतेही पण ती पन्नास कॅटेगऱ्यांच्या रांगेत, आणि सिनेमाची पाच गाणी म्हणजे अल्बम असं तिथे धरलेलं असतं. ग्रॅमीचं तर विचारूच नका, २०२४ ला शक्ती या बँडच्या 'धिस मोमेंट'ला मिळालं तेव्हा मला प्रचंड आनंद झाला, झाकीरभाई माहीमचे, शंकर महादेवन चेंबूरचे, सगळ्या पेपरांत फोटो, पण त्या वर्षी ग्रॅमीच्या ९४ कॅटेगऱ्या होत्या आणि आपल्याकडे चर्चा झाली ती त्या ग्रामोफोनची, म्हणजे ट्रॉफीची. अल्बममध्ये काय आहे, कुठल्या गाण्यात खंजिरा वाजवणारे सेल्वागणेश आणि झाकीरभाई काय बोलतायत एकमेकांशी, याच्यावर कुणी वाद घातलेला मला तरी दिसला नाही.

आणि अख्खा अल्बम करायची परंपरा आपल्याला नाही असं कुणी म्हणू नये. १९७४ चा 'शिवकल्याण राजा' घ्या, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून केलेला, लताबाईंचा आवाज, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, समर्थ रामदासांपासून कुसुमाग्रजांपर्यंतच्या रचना, मधे निवेदन. तो सुटा सुटा ऐकायचा प्रकारच नाही, ती एक उभी केलेली इमारत आहे. नव्वदच्या शेवटी आलेला 'गारवा', मिलिंद इंगळेंची गाणी आणि मधे सौमित्रच्या कविता, माझ्या वयाच्या कितीतरी लोकांनी ती कॅसेट एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूने संपवलीये, कारण कविता गाळून पुढे जायचं तर बटण दाबून अंदाजाने थांबवायला लागायचं, आणि तेवढा खटाटोप कोण करणार, म्हणून लोक ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता ती कविता पाठ झाली. आज तेच गाणं पावसाच्या प्लेलिस्टमध्ये येतं, आधी कुठलंतरी हिंदी, नंतर कुठलंतरी हिंदी, मधल्या कवितेचा पत्ता नाही, शेंडा ना बुडखा.

काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ ला बंद झालं तेव्हा बऱ्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली, तिथे केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची वगैरे. मलाही वाईट वाटलं. पण मुंबईत अल्बम विकत घ्यायची अजून एक जागा आहे जिच्याबद्दल हळहळणारे लोक कधी लिहीत नाहीत, ती म्हणजे ६ डिसेंबरला शिवाजी पार्क. चैत्यभूमीला आलेली माणसं पुस्तकांच्या स्टॉलवर जेवढी गर्दी करतात तेवढीच भीमगीतांच्या स्टॉलवर. आधी कॅसेट होत्या, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आणि त्यांच्यानंतरचे कितीतरी तरुण गायक जे दरवर्षी नवीन अल्बम काढतात, स्वतःच्या पैशाने, कव्हरवर स्वतःचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोखाली छोटासा. एका स्टॉलवाल्या दादांना मी विचारलं, यंदाचा चांगला कुठला, तर त्यांनी तीन अल्बम काढून समोर ठेवले आणि प्रत्येकात काय आहे, कुणाची चाल जुन्या चालीवरून घेतलीये, कुणाचं लेखन कच्चं आहे, असं सगळं समजावून सांगितलं, मागे रांग लागलेली असताना. म्हणाले, "ताई, हा घ्या, पण सुरुवातीपासून ऐका, मधून लावलंत तर कळायचं नाही." हा माणूस मला ज्युरीत पाहिजे. पोलारिसच्या त्या अकरा जणांमध्ये याने बसून बोलावं इतकं त्याचं ऐकणं पक्कं आहे.

लोक विचारतात की रॅपची आणि भावगीताची तुलना कशी करणार, आरेच्या पाड्यांवरचं वारली गाणं आणि दादरच्या बाईंचा खयाल एका तराजूत कसा घालणार. हे मला पटत नाही. तुलना अवघड आहे म्हणूनच खोलीत बसून बोलायचं. वेगवेगळ्या कोपऱ्यांना वेगवेगळी बक्षिसं दिली की प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यातलंच ऐकतो आणि बाकीच्याला छान छान म्हणतो. एकच बक्षीस असलं की भावगीतवाल्याला रॅपचा अल्बम शेवटपर्यंत ऐकावाच लागतो, नावडला तर का नावडला ते बाकीच्या माणसांसमोर सांगावं लागतं, आणि सांगताना त्याच्या लक्षात येतं की यात लेखन आपल्याकडच्यापेक्षा घट्ट आहे. उलटंही तसंच.

या बक्षिसांत खोट नाही असं अजिबात नाही. २०१३ ला गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या बँडला पोलारिस मिळालं तर ते सोहळ्याला आलेच नाहीत, लोकांचे हाल चाललेले असताना असे स्पॉन्सर घेऊन झगमगाट कशाला म्हणून जाहीरपणे सुनावलं, आणि पैसे क्वेबेकच्या तुरुंगातल्या कैद्यांसाठी वाद्यं घ्यायला वापरू म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटतं. २०१५ ला बफी सेंट-मेरी या गायिकेला दिलेलं बक्षीस तर २०२५ ला परत घ्यावं लागलं, त्यांच्या मूळनिवासी असण्याच्या दाव्यावर सीबीसी या तिकडच्या सरकारी वाहिनीने २०२३ ला मोठी बातमी केलेली आणि पुढे नियमाप्रमाणे त्या कॅनडाच्या नागरिकच नाहीत असं निघालं. अशा वेळी अल्बम तोच राहतो, एक सूर बदललेला नसतो, तरी ज्या समाजाचं नाव त्यावर लावलेलं त्यांना वाटायचं ते वाटतंच, आणि बक्षीस परत घेतलं हे बरोबरच झालं असं माझं मत आहे.

तर मराठीसाठी मला जे पाहिजे ते साधं आहे. एक वर्ष, एक अल्बम. मराठी म्हणजे पुस्तकी मराठी नाही, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, वारली, जे काही महाराष्ट्रात आणि बाहेर आपली माणसं गातात ते सगळं. एंट्री फी नाही, कारण फी ठेवली की शिवाजी पार्कच्या स्टॉलवरचा गायक पहिल्याच पायरीवर बाहेर. ज्युरीत समीक्षक असू दे, पण आकाशवाणीवर वर्षानुवर्षं रेकॉर्ड लावलेली माणसं पण असू दे, नाट्यगृहातले साउंडवाले असू दे, रात्री कॅबमध्ये दहा तास गाणी ऐकणारे ड्रायव्हर असू दे. शाल-श्रीफळ नको. पैसे द्या, म्हणजे पुढचा अल्बम करताना स्टुडिओचे तास मोजायला लागणार नाहीत. आणि शेवटचे दहा अल्बम कुठल्यातरी हॉलमध्ये, रवींद्र नाट्य मंदिरचा मिनी थिएटर असलं तरी चालेल, लोकांना बसवून पूर्ण ऐकवा, एका संध्याकाळी एक. भाषण नाही, निवेदक नाही, दिवे कमी करायचे आणि लावायचं.

कुणी मोठं माणूस हे करेल याची वाट बघण्यापेक्षा आम्ही काही मैत्रिणी-मित्रांनी यंदा आमच्यापुरतं सुरू केलंय. प्रत्येकाने पाच अल्बम क्रमाने लिहायचे, पहिल्याला पाच पॉइंट, पाचव्याला एक. सिनेमाची गाणी चालणार नाहीत. यंदाच निघालेला असावा, पण कुठे निघाला, किती लोकांनी ऐकला याची अट नाही, यूट्यूबवर दोनशे व्ह्यूज असले तरी चालेल. ज्याने जे नाव दिलं त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं पाहिजे, त्यात सूट नाही. आतापर्यंत आलेल्या यादीत एक अभंगांचा अल्बम आहे, दोन रॅपचे, एक भीमगीतांचा जो मी स्वतः घातलाय आणि एक मालवणी, ज्याच्यावरून आमच्यात व्हॉट्सॲपवर आत्ताच जुंपलीये. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी भांडुपला आमच्या घरी बसणार आहोत, पहिल्या पाचात येतील ते अल्बम ओळीने लावणार आणि मग वाद घालणार. हॉलमध्ये दहा-बारा माणसं मावतात. तुमची पाच नावं त्याच्या आधीच्या रविवारपर्यंत कळवा, आणि यायचं असेल तर जेवणाचं बघायला सोपं जावं म्हणून तेही कळवा.